मदत कधी थांबवायची, हे कोण ठरवतं?

प्रश्न : २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं आमची नारळी-पोफळीची वाडी आडवी केली. पुढचा महिनाभर गावात नुसती वर्दळ होती. ताडपत्र्या आल्या, पत्रे आले, तांदूळ-डाळीची किटं आली, मेणबत्त्या आल्या. मग हळूहळू गाड्या यायच्या बंद झाल्या. वाडी साफ करून नवी रोपं लावायची वेळ आली तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. टीव्हीवर आपली विमानं तुर्कस्तानला, नेपाळला मदत घेऊन जाताना दिसतात. तिथंही असंच होतं का? एका देशानं दुसऱ्याला मदत कधी द्यायची आणि मुख्य म्हणजे कधी थांबवायची, हे कोण ठरवतं? आमच्या वेळी बाहेरच्या देशातून काही कसं आलं नाही? आणि अमेरिकेतल्या माझ्या धाकट्या भावाच्या मंडळानं वर्गणी जमवली होती, ती इथल्या छोट्या संस्थेला देता आली नाही असं तो म्हणतो. ते का?
— एक बागायतदार, हर्णे (ता. दापोली, जि. रत्नागिरी)

उत्तर : तुमच्या सगळ्या प्रश्नांत थांबण्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि तो फारसा कोणी विचारत नाही. पथक विमानात चढतं तेव्हा कॅमेरे असतात, परत येतं तेव्हा विमानतळावर हार असतात. या दोन्हींच्या मधे केव्हातरी कोणीतरी ‘आता पुरे’ म्हणालेलं असतं. मागे राहिलेल्यांची पुढची पाच-दहा वर्षं त्या दोन शब्दांवर ठरतात.

आधी नियम सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९ डिसेंबर १९९१ रोजी ४६/१८२ क्रमांकाचा ठराव केला. आजची सगळी आंतरराष्ट्रीय मदत त्या चौकटीत चालते. आपत्ती ज्या देशात आली त्याच्या संमतीनंच मदत द्यायची, आणि शक्यतो त्यानं मागितल्यावर द्यायची, असं तो ठराव सांगतो. दार उघडण्याचा अधिकार घरमालकाचा. त्याच ठरावात आणखी एक गोष्ट आहे, तिची आठवण फार कमी वेळा काढली जाते. तातडीची मदत अशा रीतीनं द्यावी की तिचा पुढच्या उभारणीला हातभार लागेल. म्हणजे थांबण्याचा विचार पहिल्या दिवसापासून करावा, असं कागदावर तरी तीस वर्षांहून जास्त काळ लिहिलेलं आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला. त्याच दिवशी दिल्लीत पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. के. मिश्रा यांनी बैठक घेतली. अंकारातला आपला दूतावास आणि इस्तंबूलमधला वाणिज्य दूतावास तुर्की सरकारशी बोलले, आणि ‘ऑपरेशन दोस्त’ सुरू झालं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) पथकं गृहमंत्रालयाची, विमानं हवाई दलाची, रुग्णालय लष्कराचं, आणि या सगळ्यांची समोरच्या देशाशी सांगड घालायची परराष्ट्र मंत्रालयानं. लष्कराचं फिरतं रुग्णालय हाताय प्रांतात इस्केंदेरून इथं उभं राहिलं. दोन आठवड्यांत आपली माणसं परत आली. ढिगाऱ्याखालून जिवंत माणूस निघण्याची आशा त्याआधीच मावळली होती, त्यामुळे शोधपथकांचं परतणं बरोबरच होतं.

नेपाळची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला आणि भारताची विमानं त्याच दिवशी काठमांडूला उतरली. पाठोपाठ तीसहून अधिक देशांची पथकं आली. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच. मदतीची अवजड विमानं इतकी उतरली की धावपट्टी खचू लागली, आणि ३ मे रोजी मोठ्या विमानांना ती बंद करावी लागली. दुसऱ्या दिवशी नेपाळ सरकारनं परदेशी शोधपथकांना सांगितलं, आता तुमचं काम झालं, उरलेलं आमचं सैन्य आणि पोलीस करतील. घरमालकानं पाहुण्यांना निरोप दिला. तो त्याचा हक्कच होता. पण १२ मे रोजी दुसरा मोठा धक्का बसला आणि पुन्हा घरं कोसळली, पुन्हा माणसं दगावली.

मग नेपाळचं चुकलं का? माझ्या मते नाही. जिवंत माणसं शोधणाऱ्या श्वानपथकांची गरज खरोखर संपत आली होती. गरज होती ती पावसाळ्यापूर्वी डोंगरातल्या वस्त्यांवर ताडपत्र्या पोचवण्याची, आणि त्यासाठी धावपट्टी मोकळी हवी होती. चूक होते ती ‘एक प्रकारची मदत थांबवणं’ आणि ‘मदत थांबवणं’ यांची गल्लत केल्यावर. नेपाळनं ती होऊ दिली नाही. २५ जून २०१५ ला काठमांडूत पुनर्उभारणीसाठी देणगीदार देशांची परिषद भरली. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज तिथं गेल्या आणि भारताच्या वतीनं एक अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, त्यातली चौथाई अनुदान म्हणून. त्या पैशातून गोरखा आणि नुवाकोट या दोन जिल्ह्यांत ५०,००० घरं बांधायचं ठरलं. ती पूर्ण झाली २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये. शोधपथकं परतायला दहाएक दिवस लागले आणि घरं व्हायला साडेसहा वर्षं. या साडेसहा वर्षांत एकही कॅमेरा फिरकला नसेल, पण घर बांधून घेणाऱ्याला विचारा कोणती मदत मोठी.

थांबण्याचं सर्वांत नीटस उदाहरण मला २००४ च्या त्सुनामीत दिसतं, आणि त्यात भारत मधोमध होता. २६ डिसेंबरला लाटा आल्या. आपल्याकडेच दहा हजारांवर माणसं गेली. तरीही पहिल्या दोन दिवसांतच आपली नौदलाची जहाजं श्रीलंका आणि मालदीवकडे निघाली, पुढे इंडोनेशियालाही गेली. संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा हलायला वेळ लागतो, तोवर ज्यांच्याकडे जहाजं आणि हेलिकॉप्टरं आहेत त्यांनी आपसांत वाटून काम करावं म्हणून अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारत या चार देशांचा एक गट तयार झाला. भारताकडून परराष्ट्र सचिव श्याम सरन होते, अमेरिकेकडून मार्क ग्रॉसमन. ही मंडळी रोज फोनवर बोलत. कोणाचं जहाज कुठं आहे, कोणत्या बंदरात पाण्याची टंचाई आहे, दोघांनी एकाच जागी जाऊ नये, एवढंच बोलायचं. गटाला ना कार्यालय होतं, ना सचिवालय. आणि ६ जानेवारी २००५ ला जकार्ता इथल्या परिषदेत अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी जाहीर केलं की या गटाचं काम झालं, आता सूत्रं संयुक्त राष्ट्रांकडे. गट विसर्जित.

जेमतेम दहा दिवस. पण कोणी, कोणाकडे, कोणत्या दिवशी काम सोपवलं हे सगळ्या जगाला माहीत होतं. माझ्या मनात हेच भरलं. मदत थांबली तर चालतं. ती सोपवली गेली पाहिजे, आणि ज्याच्याकडे सोपवली त्याचं नाव मागे राहिलेल्यांना ठाऊक पाहिजे. तुमच्या वाडीत नेमकं हेच झालं नाही. गाड्या यायच्या बंद झाल्या, पण ‘आता इथून पुढे या माणसाला विचारा’ असं कोणी सांगितलं नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, बाहेरच्या देशातून काही का आलं नाही. त्याच त्सुनामीत डॉ. मनमोहन सिंग यांच्या सरकारनं ठरवलं की बचाव आणि तातडीच्या मदतीसाठी परदेशी सरकारांकडून काही घ्यायचं नाही, आमचं आम्ही निभावू, गरज पडली तर सांगू. त्याआधी असं नव्हतं. २००१ च्या भूजच्या भूकंपात परदेशी पथकं आली होती. २००४ नंतर मात्र दार बहुतेक बंदच राहिलं. २०१६ च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात ते असं लिहिलं गेलं : भारत परदेशी मदतीचं आवाहन करणार नाही, पण एखाद्या देशानं सदिच्छेनं आपणहून देऊ केली तर केंद्र सरकार ती स्वीकारू शकेल. २०१८ च्या केरळच्या पुरात संयुक्त अरब अमिरातीच्या मदतीवरून मोठा वाद झाला, तेव्हाही परराष्ट्र मंत्रालयानं जुन्याच धोरणाचा हवाला दिला. परदेशस्थ भारतीयांनी आणि परदेशी प्रतिष्ठानांनी मदत निधीत जरूर द्यावं, सरकारांकडून नको.

मग २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली आणि दार उघडावं लागलं. चाळीसहून अधिक देशांतून सामान आलं. ते भारताच्या वतीनं स्वीकारायची जबाबदारी इंडियन रेड क्रॉस सोसायटीकडे आणि वाटपाची एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीकडे दिली गेली. १० मे २०२१ रोजी नौदलाचं ‘त्रिकंड’ हे जहाज कतारच्या हमाद बंदरातून ४० टन द्रवरूप ऑक्सिजन घेऊन मुंबईला लागलं. तुमच्या समोरच्याच समुद्रातून ही ये-जा चालू होती, आणि आठवड्याभरात तौक्ते वादळ त्याच पाण्यावरून वर सरकलं.

‘निसर्ग’च्या वेळी हे दार उघडलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर उघडण्याइतकं ते संकट दिल्लीला मोठंही वाटलं नसतं. बचावासाठी बाहेरच्या कोणाची गरजही नव्हती. पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याची एनडीआरएफची पाचवी बटालियन किनाऱ्यावर होती, रस्त्यावरची झाडं कापून वाट मोकळी करत होती. पहिल्या काही दिवसांसाठी आपलं ‘आमचं आम्ही निभावू’ हे धोरण मला पटतं. अनोळखी भाषेच्या, अनोळखी सवयींच्या पथकांची गर्दी झाली की काठमांडूसारखी धावपट्टीच अडते. पण नंतरच्या वर्षांचं काय, हा प्रश्न त्या धोरणानं सुटत नाही. आणि तिथं आपल्या महाराष्ट्राकडे दाखवण्यासारखं एक मोठं काम आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या किल्लारी-सास्तूर भागात भूकंपानं दगड-मातीची माळवदाची घरं बसली आणि हजारो माणसं गाडली गेली. देशभरातून, परदेशातून मदतीचा लोंढा आला. तो लोंढा ओसरल्यावर काय करायचं याची तजवीज मात्र लवकर झाली. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ पासून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला, ब्रिटिश सरकार आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमही त्यात आले. बावन्न गावं नव्या जागी वसवायची, आणि जवळपास दोन लाख घरं जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करायची. लातूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी पुढे संयुक्त राष्ट्रांत आपत्तीविषयक कामावर गेले, ते याच अनुभवाच्या बळावर.

सगळं चांगलं झालं असं नाही. देणगीदारांनी ‘दत्तक’ घेतलेल्या नव्या गावांत शहरासारखे सरळ रुंद रस्ते आले, शेत लांब गेलं, शेजार तुटला. घराचा आकार जमिनीवर ठरला : भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्याला ७५०. ज्याच्याकडे आधीच कमी होतं त्याला कायमचं कमी मिळालं, हे मला आजही सलतं.

पण दुरुस्तीच्या कामात एक गोष्ट अशी झाली की ती पुढे जगभर सांगितली गेली. सरकारनं स्वयं शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेला मधे घेतलं, आणि गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं. घराला हप्ता कधी मिळणार, सिमेंट किती, कोपऱ्याला पट्टी घातली का, इंजिनियर आला का, हे त्या पाहत आणि सरकारला कळवत. जागतिक बँकेचा कार्यक्रम काही वर्षांनी संपला, अधिकारी बदलले, पण या बायका गावातच होत्या. भूजला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छला गेल्या, काय मागायचं आणि काय तपासायचं ते तिथल्या बायकांना सांगायला. ज्ञान प्रबोधिनीचं हराळीचं काम, हॅलो मेडिकल फाउंडेशनचं अणदूरचं काम हीसुद्धा तिथंच राहून टिकलेली उदाहरणं. भारतीय जैन संघटनेनं तर भूकंपग्रस्त मुलांना पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ही बांधिलकी महिन्यात मोजण्याची नव्हती, ती मूल मोठं होईपर्यंतची होती.

आता तुमच्या वाडीकडे येतो. ‘निसर्ग’नंतर राज्य सरकारनं बहुवार्षिक बागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. केंद्राच्या निकषात तेव्हा हेक्टरी १८,००० होते, म्हणजे निर्णय सढळ होता. पण हर्णे, मुरूड, आंजर्ले, केळशी या पट्ट्यातल्या वाड्या हेक्टरात नसतात, गुंठ्यांत असतात. दहा गुंठ्यांची वाडी म्हणजे हिशेबानं पाचेक हजार रुपये. त्या दहा गुंठ्यांत माड आहेत, माडांखाली पोफळी, पोफळींवर मिरीवेल, कडेला जायफळ, केळी. एकाच जागेत पाच पिकं. आडवे झालेले माड तोडून बुंधे बाहेर काढायची मजुरीच त्या रकमेच्या पुढे जाते, रोपं तर दूरच. तलाठी आणि कृषी सहायक पंचनामा करून गेले, रक्कम खात्यात जमा झाली, की सरकारी कागदावर संकट संपलं. बाणवली माड मात्र लावल्यापासून सहा-सात वर्षांनी धरतो, सुपारीला पाच-सहा वर्षं लागतात. २०२० च्या पावसानंतर लावलेल्या माडाचा पहिला नारळ २०२६-२७ शिवाय हाती येत नाही. तोवर पाणी, खत, गडी, कुंपण सगळं खिशातून. तुमचं संकट तिथं संपतं, पंचनाम्याच्या दिवशी नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. बागायतीच्या नुकसानीची मदत एकरकमी देऊन मोकळं होऊ नये. एक भाग लगेच द्यावा, साफसफाईसाठी. बाकीचा झाडाच्या वयाप्रमाणे, पहिल्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, पाचव्या वर्षी, झाड जगलेलं पाहून. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, रोपवाटिका आहेत, माणसं आहेत. गावागावांत किल्लारीसारखा एक-एक संवाद सहायक पाच वर्षांसाठी नेमला तर त्याचा खर्च ताडपत्र्या वाटण्याच्या खर्चापेक्षा जास्त होणार नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, त्यामुळे मागणी रत्नागिरीपर्यंत न्यायची वाट आहे. ती ग्रामसभेच्या ठरावानं न्या. एकट्या बागायतदाराच्या अर्जापेक्षा त्या ठरावाला वजन येईल.

राहिला तुमच्या भावाच्या मंडळाचा प्रश्न. अमेरिकेत नोंदणी झालेलं मंडळ म्हणजे आपल्या कायद्यानं परदेशी स्रोत, मग त्यातले सगळे सभासद मराठी का असेनात. त्यांचा पैसा घ्यायचा तर इथल्या संस्थेकडे परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. गावातल्या छोट्या मंडळाकडे ती बहुधा नसते. पूर्वी एखादी मोठी नोंदणीकृत संस्था पैसा घेऊन पुढे दुसऱ्या संस्थेकडे देऊ शकत असे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनं तेही बंद झालं, आणि हा परदेशी पैसा दिल्लीत स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतल्या खात्यातच घ्यायचं बंधन आलं. ‘निसर्ग’नंतर तीन-चार महिन्यांत, नेमकी पुनर्उभारणी सुरू व्हायच्या वेळी हा बदल झाला. गैरवापर रोखण्याचा हेतू मला समजतो, पण कोकणातल्या लहान संस्थांचं त्यात नुकसान झालं असं मला वाटतं.

आता काय करता येईल? महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री साहाय्यता निधीला २०२५ मध्ये एफसीआरएखाली परवानगी मिळाली, आणि अशी परवानगी मिळालेलं हे पहिलंच राज्य. मंडळ तिथं देऊ शकतं, फक्त तो पैसा तुमच्याच गावात खर्च व्हावा असा आग्रह त्याला धरता येणार नाही. गावातच द्यायचा असेल तर ज्या संस्थेची स्वतःची एफसीआरए नोंदणी आहे आणि जी दापोली तालुक्यात स्वतः काम करते, अशीच शोधावी लागेल. भावाला व्यक्तिशः तुम्हाला पैसे पाठवायचे असतील तर गोष्ट पुष्कळ सोपी आहे. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर हा कायदा लागूच होत नाही. अमेरिकन नागरिक झाला असेल तरी जवळच्या नातेवाइकाकडून वर्षाला दहा लाखांपर्यंत घेताना सरकारला कळवावंही लागत नाही. २०२२ पूर्वी ही मर्यादा एक लाख होती, आणि कदाचित तेव्हाच्या माहितीवरून त्यानं हात आखडता घेतला असेल. पत्रात त्याला आधी पासपोर्ट कुठला आहे ते विचारा, मग रोपांचा हिशेब कळवा.